गटाची गाडी : आधी कागद, मग रंग
(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)



बचत गटांच्या बैठकांमध्ये हल्ली एक प्रश्न सारखा निघतो. पापड, शेवया, मसाला, तुरीची डाळ, भाजीपाला असा माल तयार होतो. तो चिखलीला, मेहकरला, खामगावला न्यायचा म्हटलं की गाडीभाडं नफा खाऊन टाकतं. मग एखादी म्हणते, "ताई, आपलीच गाडी असली तं?" नव्या पिकअपची किंमत ऐकली की दुसरी म्हणते, "नवी कायले पाहिजे? माहा पोरगा आयटीआय झाला. जुनी जीप आणू, मांगं हौदा लावू, घरच्या घरी पिकअप तयार करू. मोबाइलवर तं रोज दाखवते."

हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गाडी घरी तयार होऊ शकते का? होते. आपल्याच महाराष्ट्रात झाली आहे. पण तयार झालेली गाडी रस्त्यावर चालवता येते का, हा वेगळा प्रश्न आहे. आज या दोन्हींबद्दल बोलू. आणि कमी पैशात गाडी उभी करायचीच असेल तर सरळ वाट कोणती, तेही पाहू.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जमवून एक छोटी जीप तयार केली. लोहारकाम हा त्यांचा पिढीजात धंदा. हातात कला होती, शिक्षण फारसं नव्हतं. मुलाची गाडीची हौस पुरवायची म्हणून त्यांनी हे काम काढलं. गाडीला दुचाकीसारखी किक होती. किक मारली की चारचाकी सुरू व्हायची. सगळा खर्च ६० हजारांच्या आसपास. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला आणि महिंद्रा कंपनीचे आनंद महिंद्रा यांनी त्यांचं मनापासून कौतुक केलं.

पण कौतुक करताना त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. ही गाडी नियमात बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. म्हणून या गाडीच्या बदल्यात आपण बोलेरो देऊ, असं ते म्हणाले. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि ती छोटी जीप कंपनीच्या संग्रहात गेली.

ही गोष्ट ऐकून आपण खूश होतो, आणि व्हायलाच पाहिजे. पण तिच्यातला धडाही नीट ऐका. इतकी हुशारी, इतकी मेहनत, देशभर नाव, तरी ती गाडी रस्त्यावर चालत राहिली नाही. बदल्यात बोलेरो मिळणं हे एखाद्याच्याच नशिबी येतं. आपल्या गटाने ६० हजार घालून अशी गाडी केली आणि ती नाक्यावर अडवली, तर आपल्याला बोलेरो कोण देणार?

गाडी अडवतात का, तेही समजून घेऊ. मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो, ती झाल्याशिवाय कोणतीही मोटारगाडी रस्त्यावर आणता येत नाही. नवीन प्रकारच्या गाडीची नोंदणी व्हायची तर तिचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय ही अशी एक संस्था आहे. ब्रेक, दिवे, धूर, सगळं तिथे तपासतात. हजारो गाड्या बनवणाऱ्या कंपनीला तो खर्च परवडतो. एकच गाडी बनवणाऱ्या गटाला तो कधीच परवडणार नाही. राजस्थानकडे पाण्याच्या पंपाचं इंजिन बसवून 'जुगाड' गाड्या चालायच्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासुद्धा मोटारगाड्याच आहेत आणि त्यांना हाच कायदा लागू आहे.

मग कोणी म्हणेल, "आपण नवीन कुठे बनवतोय? जीप पासिंग झालेलीच आहे, फक्त मागचा भाग कापून हौदा लावू." यालाही अडचण आहे. आरसी बुकात गाडीचं जे वर्णन आहे, त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं. परवानगी नसलेला फेरबदल केल्यास मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा एका फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. रंग बदलला तरी त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. शिवाय पांढऱ्या पाटीच्या घरगुती गाडीतून भाड्याने माल वाहता येत नाही, त्याला पिवळ्या पाटीची मालवाहू गाडीच लागते.

दंड तर भरून टाकता येईल, पण विम्याचं काय? फेरबदल केलेल्या गाडीला अपघात झाला की विमा कंपनी आधी तो फेरबदलच पाहते. तिने हात वर केले, तर जखमी माणसाची भरपाई ज्याच्या नावावर गाडी त्याला भरावी लागते. गटाची दहा वर्षांची बचत एका दिवसात जाऊ शकते.

मग वाट काय? वाट अशी : जुनी, पण मालवाहू म्हणूनच पासिंग झालेली पिकअप घ्या आणि तिलाच घरी नीट करा. रूप बदलू नका, जीर्णोद्धार करा. देवळाचा जीर्णोद्धार करताना आपण गाभारा हलवत नाही, तसंच.

जुन्या पिकअपचं हे काम गावात बऱ्यापैकी होऊ शकतं, आणि त्याला कारण आहे. खाली लोखंडी चेसिस असते, म्हणजे गाडीचा कणा. केबिन आणि हौदा हे दोन्ही त्या कण्यावर बोल्टांनी बसवलेले असतात. बोल्ट सोडले की हौदा वेगळा काढता येतो, त्याचा पत्रा बदलता येतो आणि परत बसवता येतो. मागे बैलगाडीच्या दमणीला शोभतील असे साधे पाटे असतात. जुन्या डिझेल इंजिनात कॉम्प्युटर नसतो, त्यामुळे गावातला मेकॅनिकही ते खोलू शकतो. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत धूर कमी व्हावा म्हणून सेन्सर आणि जास्तीची यंत्रणा आली. हवेसाठी ते चांगलंच आहे, पण त्यातला बिघाड शोधायला मशीन लागतं.

जुने भाग वापरून स्वस्त यंत्र उभं करण्याचं काम आपल्याकडे अभ्यासपूर्वकही झालं आहे. पुणे जिल्ह्यात पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे जुन्या जीपचे भाग आणि छोटं डिझेल इंजिन वापरून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर तयार झाला. वेल्डिंग आणि गाडीदुरुस्ती ही शाळेत शिकायची विद्या आहे, हे त्या आश्रमाने दाखवून दिलं. म्हणून आयटीआय झालेल्या आपल्या पोरांना कमी लेखू नका. फक्त त्यांच्या हाताला योग्य काम द्या.

आता गाडी कशी पाहायची ते सांगते. पेन असेल तर लिहून घ्या.

पहिलं, कागद. आपल्याकडे म्हणतात ना, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. तसं विकणाऱ्याला सांगा, आधी आरसी दाखव. एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर घातला की बरीच माहिती दिसते. फिटनेस कुठवर आहे, विमा कुठवर आहे, कर भरलाय का, चलन बाकी आहे का, कोणत्या बँकेचा बोजा आहे का, हे सगळं पाहा. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. आठ वर्षांपर्यंत मालवाहू गाडीचा फिटनेस दर दोन वर्षांनी करावा लागतो, त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण करही आहे. पंधरा वर्षांनंतर फिटनेसची फी बरीच वाढते. म्हणून सौदा करायच्या आधी बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात त्या गाडीची चालू फी विचारून या. गाडी चाळीस हजारांत मिळाली आणि कागद सरळ करायला साठ हजार लागले, तर ती चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला होईल.

दुसरं, चेसिस नंबर. हा नंबर कण्यावर कोरलेला असतो. त्यावर पांढरा कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. नंबर कागदावर उमटतो. तो आरसीतल्या नंबराशी एकेक आकडा जुळवायचा. आमच्या भागातल्या एका गटाने अशीच एक पिकअप पाहिली होती. रंग चकचकीत, टायर नवे. पाच हजार इसार देऊन झाला होता. गटातल्या एका ताईने लेकीच्या दप्तरातली पेन्सिल नेली होती. नंबर उमटवला तर शेवटचे तीन आकडे वेगळे निघाले. विकणारा म्हणाला, "ऑफिसात लिहिताना चूक झाली असंल." बाया तिथूनच परत फिरल्या. इसार बुडाला, पण दीड लाख वाचले. एका गाडीचा नंबर दुसऱ्या गाडीला लावणं हा गुन्हा आहे, आणि अशी गाडी पकडली गेली की ती ज्याच्या दारात असते त्यालाच उत्तर द्यावं लागतं.

तिसरं, कणा. गाडीखाली बॅटरी मारून पाहा. वरचा गंज चालतो, तो खरवडता येतो. पण छोट्या हातोडीने ठोकल्यावर पोपडे पडत असतील, भोक पडत असेल, किंवा चेसिसला मध्येच वेल्डिंगचे जोड दिसत असतील, तर ती गाडी सोडून द्या. इंजिन दुरुस्त होतं, पण मोडलेला कणा पुन्हा भरवशाचा होत नाही.

गाडी घेतल्यावर कामाचा क्रम चुकवू नका. बहुतेकांची चूक इथेच होते. घरी आणली की आधी रंग मारतात, म्युझिक लावतात, काचेवर नाव लिहितात, आणि ब्रेकच्या वेळी पैसे संपलेले असतात. खरा क्रम असा : आधी ब्रेक आणि स्टेअरिंग. मग टायर. मग पाटे. मग इंजिन आणि क्लच. मग वायरिंग आणि दिवे. मग हौदा. रंग सगळ्यात शेवटी.

यातलं कोणतं काम घरी, कोणतं बाहेर? ब्रेक, स्टेअरिंग आणि चेसिसचं कोणतंही काम अनुभवी मेकॅनिककडेच द्यायचं, बिल घ्यायचं आणि बिल जपून ठेवायचं. घरी काय होतं? गंज खरवडणं, पॉलिश पेपर मारणं, प्रायमर लावणं, हौद्याचा तळ बदलणं, फाळक्याची बिजागरी सरळ करणं. आपल्या बायांचं शिवणकाम तर आहेच. सीटची कव्हरं आणि मापाची ताडपत्री गटातच शिवा. हौद्याच्या मापात बसतील असे क्रेट ठेवले की टोमॅटो दबत नाही आणि मालाची मोजणीही सोपी होते.

काम करताना जिवाची काळजी घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जायचं नाही, मग तो कितीही हुशार पोरगा असो. चाकांना उटी लावायची आणि खाली स्टँड द्यायचा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढायच्या, डिझेलच्या टाकीजवळ वेल्डिंग करायचं नाही. वेल्डिंगचा उजेड लहान पोरांनी बघत बसायचं नाही. रंगाचा फवारा बंद खोलीत मारायचा नाही.

हौद्याच्या बाजू उंच करायचा मोह होतो, कारण माल जास्त बसतो. तो मोह आवरा. आरसीवर एकूण वजन लिहिलेलं असतं. त्यावर भरलं तर दंड २०,००० रुपये, शिवाय जास्तीच्या दर टनामागे २,००० रुपये. आणि वाढीव वजनाने घाटात ब्रेक तापतात ते वेगळंच. बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरणाऱ्यांना हे सांगायला नको.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते घेते, तुम्ही तुमचे घाला. समजा, बाजारात जाऊन-येऊन ६० किलोमीटरच्या फेरीला आज तुम्ही १,००० रुपये भाडं देता. गाडी आपली झाली. लिटरला १२ किलोमीटर धरलं तर ५ लिटर डिझेल, ९२ रुपयांनी ४६० रुपये. चालकाचे ३०० रुपये. उरले २४०. विमा, कर, फिटनेस, टायर, ऑइल मिळून वर्षाला ४८,००० धरा. म्हणजे नुसता हा खर्च भरून निघायला २०० फेऱ्या हव्यात. कर्जाचा हप्ता महिन्याला ४,००० असेल, तर वर्षाचे आणखी ४८,००० आणि आणखी २०० फेऱ्या. एकूण ४०० फेऱ्या, म्हणजे आठवड्याला साधारण आठ.

तुमच्या गटाच्या आठवड्याला दोनच फेऱ्या होत असतील, तर गाडी कितीही स्वस्तात तयार केली तरी ती तोट्यातच जाईल. हे ऐकायला कडू आहे, पण वही तेच सांगते. मग दोन उपाय आहेत. एक, परतीची फेरी रिकामी आणायची नाही. ढेप, खत, किराणा आणला आणि फेरीमागे २०० रुपये जास्त सुटले, तर ४०० ऐवजी २२० फेऱ्यांत भागतं. दुसरा, चार-पाच गावांच्या गटांनी मिळून एकच गाडी घ्यायची. हे दोन्ही जमत नसेल, तर गावातल्याच पिकअपवाल्या भाऊंशी वर्षभराचा दर लेखी ठरवा. स्वतःची गाडी नसणं यात कमीपणा नाही.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. गाडी कोणाच्या नावावर? पैसा बायांचा, कर्ज बायांचं, आणि आरसीवर नाव एखाद्या सदस्येच्या नवऱ्याचं किंवा दिराचं, हे होऊ देऊ नका. ज्याच्या नावावर आरसी, मालकी त्याची आणि जबाबदारीही त्याची. गटाची स्वतःची नोंदणी नसेल तर थेट गटाच्या नावावर गाडी चढवायला अडचण येते. अशा वेळी नोंदणीकृत संघाच्या किंवा उत्पादक कंपनीच्या नावावर घ्या. ते जमत नसेल तर एका सदस्येच्या नावावर घ्या आणि बाकीच्यांशी स्टँप पेपरवर करार करा. ठराव इतिवृत्तात लिहा, सह्या घ्या.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० असतात. आपल्या राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. 'पुढच्या महिन्यात करू' म्हणू नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की गाडी विकली, पण नोंदीत नाव जुनंच राहिलं, तर अपघाताच्या भरपाईसाठी कायदा त्या नोंदीतल्या नावालाच मालक धरतो. तुम्ही कधी गाडी विकाल तेव्हाही हे लक्षात ठेवा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

चालक कोण? गटातली एखादी ताई का नको? पिकअप चालवायला वेगळं लायसन्स लागतं अशी समजूत होती. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती दूर केली. हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्हीचं, लायसन्स असलं तर एकूण वजन ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. आणि एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला वेगळं परमिटही लागत नाही. चालकाचे ते ३०० रुपये गटातल्याच घरात गेले तर वाईट काय?

शेवटी एकच कळकळीची गोष्ट. हौद्यात माणसं बसवायची नाहीत. निंदणाला जाणाऱ्या बाया नाहीत, लग्नाचं वऱ्हाड नाही, शाळेची पोरं नाहीत. २० ऑगस्ट २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात तढेगाव फाट्याजवळ, लोखंडी सळया आणि मजूर एकत्र नेणारं वाहन उलटलं आणि १३ मजूर गेले. पोटासाठी आलेली माणसं होती ती. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसलेल्या माणसांची जबाबदारी सक्तीच्या विम्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितलं आहे. माल घेऊन निघालेल्या मालकिणीला किंवा तिच्या प्रतिनिधीला कायद्याने संरक्षण आहे. तिनेही केबिनमध्ये बसावं, केबिनमध्ये जेवढ्या जागा आरसीवर आहेत तेवढ्याच माणसांनी.

येत्या बैठकीत गाडीचा विषय निघाला तर तीन गोष्टी आधी करा. मागच्या तीन महिन्यांच्या फेऱ्या आणि भाडं वहीतून काढा. परतीला काय आणता येईल त्याची यादी करा. आणि शेजारच्या गावांच्या गटांना विचारा. हिशेब जुळला तर मग गाडी पाहायला निघा. सोबत एक चांगला मेकॅनिक, एक कोरा कागद आणि एक पेन्सिल घ्या.